निघायच्या आधीचा वाद

तीर्थाला जाणाऱ्यानं तयारी करायची नसते, अंगावरच्या कपड्यानिशी निघायचं असतं, पुढचं देव बघतो. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या बोरगावच्या कट्ट्यावर हे मला ज्यांनी ऐकवलं त्यांतले बरेच जण पंढरपूरला दिंडीबरोबर चालून आलेले आहेत. त्यांच्या पायांबद्दल मला आदर आहे. पण त्यांची वळकटी, बदलायचे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं दिंडीच्या ट्रकमधून त्यांच्या आधी मुक्कामावर पोचत होतं, एवढं सांगायला ते विसरतात.

माझा बेत साधा आहे. बोरगावातून निघून दूधगंगेच्या अंगानं शिरोळ तालुक्यात शिरायचं, कुरुंदवाडवरून पंचगंगेचा पूल ओलांडून नृसिंहवाडी, म्हणजे आमची वाडी, गाठायची, आणि तिथून कृष्णेच्या काठानं हरिपूर, सांगली, भिलवडी करत औदुंबरला जायचं. एकट्यानं. वाडीच्या रस्त्यावर पौर्णिमेला, दत्तजयंतीला चालणारे भेटतात. वाडीच्या पुढे औदुंबरला जाणारे गाडी करतात; काठानं पायी जाणारा क्वचित. दत्तावतारी नृसिंह सरस्वती औदुंबरला एक चातुर्मास राहिले, मग बारा वर्षं वाडीला, आणि तिथून गाणगापूरला गेले. म्हणजे मी उलटा चाललोय, असाही एक आक्षेप आलाच. त्याला उत्तर देत बसत नाही.

गंमत पुढे आहे. तयारी करू नको म्हणणारा तोच माणूस पाच मिनिटांनी विचारतो, "आणि येकटा कशाला जातोयस? वाटंत कुठं काय झालं तर?" आता यातलं एक काहीतरी धरावं लागेल. देव सांभाळणार असेल तर तो एकट्यालाही सांभाळेल. आणि 'काय झालं तर' हा प्रश्न खरा असेल, तर त्याचं उत्तर निघायच्या आधी शोधणं यालाच तयारी म्हणतात. दोन्हीकडून मला हटकायचं, आणि मी घरी बसलो की श्रद्धा शाबूत राहिली असं मानायचं, हा कुठला न्याय?

दिंडी म्हणजे नुसता टाळ-मृदंग नव्हे, हे दिंडीत गेलेल्यांना मी सांगावं असं नाही. पण वाद त्यांनी काढलाय, म्हणून बोलतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास दिलं. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागच्या वेगळ्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. कुठल्या तिथीला कुठला मुक्काम, कुठे रिंगण, कुठे दुपारचा विसावा, हे महिनोन्‌महिने आधी छापून येतं. भिशी भरल्याशिवाय पंगतीला पान मिळत नाही. पाण्याचे टँकर, राहुट्या, स्वयंपाकाचा ताफा पुढे गेलेला असतो. रात्री समाजआरतीला चोपदार हरवल्या-सापडल्या वस्तूंची पुकार करतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, त्याचीही सोय आहे. इतकी बारीक व्यवस्था महाराष्ट्रातल्या फार थोड्या सरकारी खात्यांत असेल. वारकरी निर्धास्त चालतो, कारण त्याच्या वतीनं हा सगळा विचार दुसऱ्या कुणी तरी केलेला असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण दुसऱ्यानं केलेली तयारी डोळ्याआड असते म्हणून ती नव्हतीच असं समजायचं, आणि जो स्वतःची तयारी स्वतः करतो त्याला अश्रद्ध म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. माउलींच्या पालखीपुढे धावणारे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात. ते टेम्पोतून जात नाहीत. अंकली ते आळंदी सुमारे तीनशे किलोमीटर चालत जातात; मिरज, सांगलवाडी, पेठ नाका, भुईंज असे त्यांचे मुक्काम ठरलेले आहेत. रिंगणात त्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लाखो लोक धावतात. अंकलीतून तो निघतो तेव्हा किती असतात? बेळगाव जिल्ह्यातून आळंदीला जाणारी ही पायवाट दरवर्षी चालली जाते, आणि तिच्यावर गर्दी नाही. घोड्याचा खुराक, नाल, उन्हाची वेळ, मुक्कामाचं पाणी यांची बडदास्त कोणी आधी ठेवत नसेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं घोडा कधी सांभाळलेला नाही. मग माणसानं आपल्या पायांची तेवढीच काळजी घेतली तर देवाचा कसला अपमान होतो?

बोरगाव भागात तर हे सांगायची गरजच पडू नये. इथल्या लहान पोरालाही विहार म्हणजे काय ते ठाऊक असतं. पहाटे जैन मुनी महाराज अनवाणी निघतात, हातात पिंछी आणि कमंडलू, बरोबर दहा-वीस श्रावक. वाहन वर्ज्य, जेवण दिवसातून एकदा, तेही उभ्यानं ओंजळीत. याच्याइतकं निःसंग चालणं दुसरं कुठलं? आणि तरीही पुढच्या गावाला निरोप आधी गेलेला असतो. तिथं मुनींच्या आहारासाठी चौका लागतो, सोवळ्यात पाणी गाळलं जातं, उतरायची जागा झाडून ठेवलेली असते. पावसाळा लागला की चार महिने विहार थांबतो. आपल्या शेजारच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज, जन्म 1872, हे 1927-28 मध्ये मोठा संघ घेऊन थेट सम्मेद शिखरजीपर्यंत पायी गेले. तो प्रवास नुसत्या भावनेवर झाला असेल, असं म्हणणाऱ्यानं शंभर माणसांचं एक लग्न उरकून बघावं.

इथं एक जाणकार गृहस्थ मला अडवतात. ते म्हणतात, मुनींचंच उदाहरण देतोस तर हेही सांग की मुनीनं एकट्यानं विहार करू नये असा दंडक आहे. बरोबर आहे. माझ्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. वट्टकेरांच्या मूलाचार या मुनींच्या आचारावरच्या ग्रंथात एकलविहाराची निंदा आहे. माझ्या वैऱ्यानंही असं एकटं हिंडू नये, अशा अर्थाचं कडक बोलणं त्यात आहे. पण त्याच ठिकाणी सूटही दिलेली आहे. ज्याच्याकडे शास्त्राचं ज्ञान आहे, तपाची सवय आहे, शरीर कणखर आहे, मन खंबीर आहे, त्याला एकट्यानं विहार करायला मोकळीक आहे. म्हणजे ग्रंथाचा राग एकटेपणावर नाही, कच्चेपणावर आहे. नुकती दीक्षा घेतलेल्यानं उठून मनाला येईल तिकडे चालू लागू नये, एवढंच तो सांगतो. मी मुनी नाही, मला तो नियम लागूही नाही. पण लावून घेतला तरी त्यातून निघतं ते हेच, की एकट्यानं जायचं असेल तर आधी तयार हो. म्हणजे माझं म्हणणं मूलाचारानं माझ्याआधी अनेक शतकं सांगून ठेवलंय.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींकडून येतो, आणि तो मला जास्त बोचतो, कारण त्यात आपल्याच घराविषयीचं अज्ञान आहे. हे म्हणे परदेशी खूळ. स्पेनमध्ये लोक असे पाठीवर पिशवी टाकून एकटे चालतात, ते मोबाइलवर बघून आपल्याकडे सुरू झालं. वारी म्हटली की समूह, एकट्याची ती सहल. आता मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ लीळाचरित्र. त्याच्या आरंभीच्या भागाचं नावच एकांक आहे, आणि त्यात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या एकट्या भ्रमंतीच्या लीळा आहेत. महानुभावांत अटन, म्हणजे भटकंती, ही साधना आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावच्या टेंबेस्वामींनी 1891 मध्ये संन्यास घेतला आणि 1914 मध्ये नर्मदेकाठी गरुडेश्वराला देह ठेवला, त्या दरम्यान अनवाणी हिंदुस्थान पालथा घातला. वाडी, कुरवपूर, हावेरी, पवनी अशा कुठल्या कुठल्या ठिकाणी त्यांचे चातुर्मास झाले. वाडीला रोज संध्याकाळी ज्यांच्या करुणात्रिपदीनं डोळे ओले होतात ते भक्त, त्याच माणसाच्या चालण्याला खूळ म्हणतील का? आणि आमच्या लिंगायत शेजाऱ्यांना विचारा अक्कमहादेवी उडुतडीहून कल्याणला आणि कल्याणहून श्रीशैलला कुणाच्या सोबतीनं गेली. बाराव्या शतकात.

परदेशाचं नाव काढलंच आहे तर तेही सांगतो. जपानच्या शिकोकू बेटावर कोबो दाइशी या बौद्ध गुरूंच्या नावानं अठ्ठ्याऐंशी देवळांची प्रदक्षिणा आहे, सुमारे बाराशे किलोमीटरची. एकट्या यात्रेकरूच्या टोपीवरही आपण दोघं चाललो आहोत अशा अर्थाची अक्षरं लिहिलेली असतात. दुसरा तो स्वतः कोबो दाइशी. नर्मदेच्या परिक्रमेला एकटा निघालेला माणूस 'मैया बरोबर आहे' म्हणतो ते याहून वेगळं काय आहे? दोन्हीकडे तो माणूस पावसाळा बघून निघतो, पुढच्या मुक्कामाची चौकशी करतो, आणि पायाला फोड आला की थांबतो.

आता गर्दीतल्या सुरक्षिततेबद्दल. 31 ऑक्टोबर 2022 ला सांगोल्याजवळ जुनोनीत कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली. करवीर तालुक्यातल्या जठारवाडीची माणसं होती ती, सात जण गेले. अख्खी दिंडी रस्त्यावर होती, तरी. मी हे दिंडीला दोष द्यायला सांगत नाही. दोष मोटारीचा आणि त्या रस्त्याचा आहे. पण घोळका म्हणजे कवच ही समजूत तेवढी सोडू या. जुनोनीची वेळ संध्याकाळची होती. त्यातून एकट्या माणसानं शिकायचं ते एवढंच की दिवेलागणीनंतर डांबरी रस्त्यावर राहायचं नाही, मग मुक्काम दोन मैल अलीकडे पडला तरी चालेल.

रस्त्याचं निघालंच आहे तर आमच्या भागाचं बोलू, कारण तयारीविषयीचे सगळे उपदेश हवेतले असतात आणि चालणं मात्र कुठल्या तरी एका जमिनीवर होतं. आषाढ-श्रावणात इकडे चालायचं नाव काढू नये. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे आणि पूल दरवर्षी पाण्याखाली जातात, त्यांची नावं पेपरात वाचून पोरांना पाठ झालीत. 2019 आणि 2021 ला तर वाडीचं देऊळच काय, गावंच्या गावं पाण्यात होती. कार्तिकापासून पुढे रस्ता कोरडा, हवा छान, चालायला उत्तम, असं कॅलेंडर बघून कुणीही सांगेल. पण कार्तिकात गळीत हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि वर ड्रायव्हरच्या कानाजवळ मोठ्यानं लावलेली गाणी. पायी माणसाला रस्त्याच्या कडेला जागाच उरत नाही. आणि कड सोडून आत सरकावं तर उसाचा फड, त्यात घोणस. वैशाखात डांबर पायाला धरतं. राहतो तो माघाचा शेवट आणि फाल्गुन. तोवर बरेच फड तुटलेले असतात, हंगाम उतरणीला लागतो, पाणंदी वाळलेल्या असतात, आणि पहाटेचा गारवा अजून गेलेला नसतो. हे मला कुणा पुस्तकानं सांगितलं नाही. ऊसतोडीच्या मुकादमाला विचारलं, टोळ्या कधी परततात. त्यानं जे सांगितलं ते कुठल्याही पंचांगापेक्षा कामाचं होतं.

माझी तयारी बहुतेक अशीच आहे: विचारणं. पाणंद कुठपर्यंत जाते आणि कुठं कुणी नांगरून टाकलीय, हे नकाशाला कळत नाही, दूध घालायला डेअरीवर येणाऱ्याला कळतं. कुठल्या वस्तीवरची कुत्री नुसती भुंकतात आणि कुठली धावून येतात, हे पोस्टमनला. कुठल्या देवळाच्या ओवरीला रात्री कुलूप लागतं, कुठल्या गावच्या मठात उतरू देतात, हे भांडी विकत हिंडणाऱ्याला. हातात एक काठी असावी. तिच्याबद्दलही हसणारे निघाले; त्यांना म्हटलं, एकदा पहाटे चार वाजता मळ्यांमधून जाऊन या.

पाण्यावरून मात्र खरं भांडण झालं. एका भाविक गृहस्थाचं म्हणणं, पंचगंगा-कृष्णेच्या काठानं चालणाऱ्यानं पाण्याची बाटली बाळगावी म्हणजे तीर्थावर अविश्वास. मी विचारलं, 2012 ची इचलकरंजीची काविळीची साथ आठवते का? पंचगंगेत काय काय सोडलं जातं ते काठावर राहणाऱ्याला सांगायला नको. तीर्थ म्हणून चमचाभर हातावर घेणं वेगळं आणि दिवसभराची तहान त्यावर भागवणं वेगळं. नदीला देव मानणाऱ्यांनी ती इतकी घाण होऊ दिली, आणि मग जो गाळलेलं पाणी नेतो त्याच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची! मुनींच्या चौक्यात पाणी गाळून, उकळून वापरतात. त्यांना कुणी अविश्वासू म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

पायांबद्दल थोडं, कारण सगळं शेवटी तिथं येतं. आमच्याकडे चालायचं म्हटलं की कापशी चप्पल घालून रुबाबात निघणारे आहेत. लग्नाला ती ठीक. दिवसभराच्या चालीला ती जड पडते आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड आणते. अनवाणी जायचा नवस असेल तर दोन महिने आधीपासून रोज अनवाणी चालून तळवे घट्ट करावे लागतात. बोललेला नवस फेडायचा म्हणजे पायानंच फेडावा लागतो. मी अनवाणी जाणार नाही. जुने, मऊ झालेले बूट, सुती मोजे, एरंडेल, आणि पिशवीत जितकं कमी तितकं बरं. यात कुठंही दुकानात जायची गरज पडत नाही, आणि इथं मला उलट बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. तयारी म्हणजे खरेदी असं समजणारी एक नवी जात तयार झालीय. महागडे बूट, पावलं मोजणारं घड्याळ, घडीची काठी, पाठीवरची पिशवी एवढी की त्यात बोरगावचा बाजार मावेल. रोज किती किलोमीटर झाले ते सगळ्यांना कळवायचं. यांच्यामुळेच एकट्यानं चालणारा म्हणजे मिरवणारा असा शिक्का बसलाय. तो शिक्का सगळ्यांवर मारू नका एवढंच माझं म्हणणं. त्यांच्यावर मारायला माझी हरकत नाही.

मोबाइल मात्र नेणार. एकांतात मोबाइल कशाला, असं विचारणाऱ्याच्या घरी वाट बघणारं कुणी नसावं. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर घरी एक फोन, गावाचं नाव सांगायचं, ठेवून द्यायचा. 112 आणि 108 हे दोन्ही आकडे कर्नाटकातही चालतात आणि महाराष्ट्रातही. सीमाभागात दोन्ही राज्यांनी एकच मानलेल्या गोष्टी फार नाहीत, त्यांतली ही एक. खिशात आधार कार्डाची झेरॉक्स आणि एका कागदावर नाव, गाव, रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या. बेवारस म्हणून कुठल्या तरी दवाखान्यात पडून राहण्यात कसला वैराग्याचा मोठेपणा आहे? ज्या गावात ते घडेल त्या गावच्या पोलीस पाटलाला, ज्याचा माझ्याशी काही संबंध नाही, त्याला रात्रभर जागवायचा मला काय अधिकार?

यावरून सगळ्यात रास्त तक्रारीकडे येतो. ती शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची होती. तो म्हणाला, दिंडी आली तर गावाला आधी कळतं, आम्ही स्वयंपाक करून ठेवतो, आनंदानं वाढतो. हे एकटे रात्री नऊला दारात उभे राहतात, 'पांडुरंग, काय असेल ते द्या' म्हणतात, आणि घरातल्या बाईला पुन्हा चूल पेटवावी लागते. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो खरं बोलत होता. अतिथी देव हे खरं. पण त्या देवाची भाकरी रात्री नऊ वाजता कोण थापतं हे अतिथीनं विचारात घ्यायला हवं. आणि हा तोच माणूस असतो जो कसली तयारी न करता निघालेला असतो. म्हणजे त्याच्या श्रद्धेचा खर्च ती बाई भरते. मुक्कामाचं गाव दुपारीच गाठायचं, पुजाऱ्याला किंवा पंचायतीत कुणाला तरी विचारून जागा घ्यायची, बरोबर फुटाणे-गूळ आणि दोन वेळच्या दशम्या ठेवायच्या, जे मिळेल ते घ्यायचं पण मागायला जायचं नाही, सकाळी जागा झाडून निघायचं. वाडीला दुपारचा महाप्रसाद आहे, तिथं पेटीत जे टाकायचं ते जेवणाच्या आधी टाकायचं. हे सगळं ठरवून निघालेल्या माणसाला तुम्ही हिशेबी म्हणा. त्या बाईला विचारा तिला कोण आवडेल.

भाषेचं एक सांगायला हवं. बोरगाव, सदलगा भागात मराठी-कानडी दोन्ही चालतात, कट्ट्यावर एका वाक्यात दोन्ही येतात. एकट्या माणसाला दोन्हीतलं जुजबी तरी यावंच लागतं: पाणी, वाट, उतरायची जागा, दवाखाना. सीमावादाच्या भांडणाच्या दिवसांत, जसं 2022 च्या डिसेंबरात झालं, दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. पायी माणसाला कुणी थांबवलेलं माझ्या ऐकिवात नाही. गळ्यात माळ असली की लोक राज्य विचारत नाहीत, गाव विचारतात.

आणि बायकांचं काय? हा प्रश्न मला एका शिक्षिका बाईंनी विचारला, आणि त्यात टोचणी होती. तुम्ही पुरुष, तुम्ही ओवरीत झोपाल. खरं आहे. एकटीनं जायचं तर तिची तयारी माझ्यापेक्षा जास्त कडक व्हावी लागते, आणि हे तिच्यावर लादलेलं ओझं आहे, त्यात काही गोड मानायचं कारण नाही. पण तिच्याच गावातले लोक तिला आणखी एक युक्तिवाद ऐकवतात, त्याचा मला राग येतो: जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, मग चालायची हौस कशाला? जणू चालणं म्हणजे तिकिटाचे पैसे वाचवायची युक्ती. कुणा पुरुषाला मी असं म्हणताना ऐकलेलं नाही की तुझ्याकडे मोटारसायकल आहे, तू वारीला पायी का जातोस. बाईंना मी म्हटलं, आधी दिवसाची वाट चालून संध्याकाळी घरी परता. बोरगाव ते वाडी, वाडीहून बसनं परत. पुढच्या खेपेला वाडीपासून सुरुवात. ओळखीच्या घरांची साखळी वाटेवर तयार होईपर्यंत रात्रीचा मुक्काम नको. तुकड्या-तुकड्यांनी केलेली यात्रा ही यात्रा नव्हे, असा नियम कुणी दाखवला तर मला आणून द्या. वर्षभरातल्या एकादश्यांना थोडं थोडं चालून वारी पूर्ण करणारे वारकरी मी बघितलेत.

शेवटचा टोमणा परतीबद्दल आहे. औदुंबरला पोचलो की नावेनं किंवा पुलावरून भिलवडीला येऊन स्टेशनावरून मिरजेची गाडी धरणार, तिथून बसनं घर. यावर एकजण म्हणाला, म्हणजे अर्धीच पायी. मी त्याला विचारलं, पंढरपूरहून तू कसा आलास? एसटीनं. आषाढी झाली की पंढरपूरचा स्टँड ओसंडून वाहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पालख्या मात्र चालत परत येतात. पौर्णिमेचा काला झाला की माउलींची पालखी त्याच वाटेनं आळंदीकडे निघते, चाल जास्त वेगाची, माणसं फार थोडी, वाटेवर कमानी नाहीत, फराळाचे स्टॉल नाहीत, कॅमेरे नाहीत. ज्यांना माझ्या एकट्या चालण्यात समूहाचा अनादर दिसतो, त्यांनी एकदा परतवारीला जाऊन पाहावं आणि मग मला सांगावं की गर्दी कुठं गेली.